पुराणातली वांगी आणि वडनेरची चूल

एक पुराणिकबुवा देवळात पुराण सांगत होते. त्या दिवशीचा विषय वांगं. वांगं खाणं किती वाईट, खाणाऱ्याची पुढे काय गत होते, हे बुवांनी इतकं रंगवून सांगितलं की श्रोत्यांत बसलेली त्यांची बायको घाबरली. घरी जाऊन तिने आणून ठेवलेली वांगी उकिरड्यावर फेकली. बुवा जेवायला बसले तर पानात भाजी नाही. कारण कळल्यावर म्हणाले, "अगं, पुराणातली वांगी पुराणात!"

म्हण सगळ्यांना माहीत आहे. 'वर्क-लाइफ बॅलन्स'वर तासभर भाषण देऊन शनिवारी सकाळी कॉल लावणारा मॅनेजर ज्याने पाहिलाय, त्याला तर ती समजावून सांगायचीही गरज नाही. पण मला या गोष्टीत कायम एक वेगळीच शंका येते. त्या बाईने ती वांगी फेकली नसती, तर भाजी केली असती कशी? दाण्याचं कूट घालून? लाल तिखटाची तर्री आणून? सोबत बटाटा?

गोष्ट पाचशे वर्षांपूर्वीची धरली तर यातलं काहीच तिच्या घरात नव्हतं. मग काय होतं? आणि आज आपण ज्याला 'आमच्याकडची पारंपरिक पद्धत' म्हणतो, त्यातलं जुनं किती नि नवं किती? हे बघायला एक गाव हाताशी घेऊ. वडनेर.

कुठलं वडनेर, हा प्रश्न रास्त आहे. नाशिककडे वडनेर भैरव आहे, बुलढाण्यात वडनेर भोलजी, अमरावतीत वडनेर गंगाई. आपलं वडनेर वर्धा जिल्ह्यातलं, हिंगणघाट तालुक्यातलं. नागपूर-हैदराबाद महामार्गाने हिंगणघाट सोडून दक्षिणेला निघालं की लागतं. (म्हणजे जुना सात नंबर. २०१० मध्ये क्रमांक बदलले आणि तो चव्वेचाळीस झाला.) मुलूख काळ्या मातीचा: कपाशी, तूर, सोयाबीन. इथल्या कापसाला 'हिंगणघाट' याच नावाने एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बाजारात भाव होता. पण कापूस खाता येत नाही. जेवणात महत्त्व वांग्याचं.

वांगं किती जुनं?

हरियाणात फरमाणा म्हणून हडप्पाकालीन वस्ती सापडली आहे. तिथल्या मातीच्या भांड्यांवर आणि माणसांच्या दातांवर चिकटून राहिलेले स्टार्चचे कण अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यात आलं, हळद आणि वांगं या तिघांच्या खुणा मिळाल्या. काळ साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे आलं-हळद घालून वांगं शिजवणं ही आपल्याला माहीत असलेल्या सगळ्यात जुन्या भाज्यांपैकी एक. आणि गंमत अशी की वायगावची हळद, जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती वर्धा जिल्ह्यातलीच, हिंगणघाटला लागून असलेल्या समुद्रपूर तालुक्यातली.

वांग्याचे रानटी नातेवाईक अजून आपल्या आसपास आहेत. पडीक जमिनीवर पसरलेली, अंगभर काटे आणि पिवळी गोल फळं असलेली भुईरिंगणी पाहिली असेल. जांभळं फूल नीट बघा, घराणं लगेच ओळखू येतं.

नावाचा प्रवासही बघण्यासारखा आहे. संस्कृतात वांग्याला वृंताक, वार्ताक, वातिंगण अशी नावं. यातल्या वातिंगणाच्या घराण्यातलंच आपलं वांगं आणि कोकणीतलं वांयगें. हाच शब्द पश्चिमेला गेला. फारसीत बादिंगान झाला, अरबीत अल-बादिंजान. अरबांबरोबर तो स्पेन-पोर्तुगालला पोचला आणि पोर्तुगीजांच्या तोंडी बेरिंजेला झाला. पोर्तुगीज गोव्यात आले आणि त्यांच्या शब्दाचं हिंदुस्थानी इंग्रजीत ब्रिंजल झालं. फ्रेंच ओबेरजिन हाही त्याच अरबी शब्दाचा नातू. म्हणजे सुपरमार्केटच्या पाटीवर 'ब्रिंजल' वाचताना आपण आपलाच शब्द जगप्रवास करून आलेला वाचत असतो.

असो. भाजी जुनी आहे, हे ठरलं. आता करायचं कसं ते बघू.

पहिली पद्धत: भाजणं

सगळ्यात कमी सामान लागणारी पद्धत. भांडं नको, तेलही नको, फक्त आग हवी. म्हणूनच ती सगळ्यात जुनी असावी, असा माझा अंदाज आहे.

विदर्भात कापूस निघून गेल्यावर शेतात पऱ्हाट्या उरतात आणि तूर काढल्यावर तुराट्या. दोन्ही वाळलं की भुरुभुरु जळतं. मोठा जाळ आणि थोडा वेळ, भरताला हवं तेच. वांग्याचं साल करपतं, आतल्या पाण्याची वाफ होते आणि गर त्या वाफेत शिजतो. सालाचा जळका वास गरात उतरतो. भरताची चव म्हणतात ती मुख्यतः हीच.

गॅसवर करायचं तर हातात हलकं लागणारं मोठं वांगं घ्या (जड वांग्यात बहुधा बिया जास्त असतात). भोक आहे का बघा, सुरीने दोन-तीन चिरा द्या, त्यात लसणाच्या पाकळ्या खोचा. वरून तेलाचा हात फिरवा आणि सगळीकडून काळं होईपर्यंत फिरवत भाजा. मग दहा मिनिटं झाकून ठेवा, साल सुटून येतं. नळाखाली धरू नका, सगळा वास पाण्याबरोबर जाईल. गर हाताने मोडा. मिक्सर नको. त्यात कच्चा कांदा, ठेचलेली हिरवी मिरची, मीठ, आणि सांबार. सांबार म्हणजे इडलीबरोबरचं नव्हे. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्याचा माणूस हे पहिल्यांदा ऐकतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघावं.

हेच भरीत खानदेशात गेलं की वांगं बदलतं. तिथे मोठं, हिरवट-पांढरं. जळगावच्या भरताच्या वांग्यालाही २०१६ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे गर लाकडी दांड्याने ठेचतात. कांद्याची पात, शेंगदाणे, लसूण, हिरवी मिरची पडते. देशावर दह्यातलं भरीत करतात. मसाला दर दोनशे किलोमीटरला बदलतो, पण आग तीच.

माळव्यात मांडूच्या सुलतानांनी इसवी सन १५०० च्या सुमारास 'निमतनामा' नावाचं पाककृतींचं सचित्र हस्तलिखित करवून घेतलं, त्यातही वांग्याच्या भरताला जागा आहे. सुलतानाच्या मुदपाकखान्यात आणि शेतातल्या जाळावर एकच पदार्थ. असं भाग्य फार पदार्थांच्या वाट्याला येत नाही.

दुसरी पद्धत: भरणं

भरली वांगी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर छोटी काटेरी वांगी, देठ तसंच, आणि आत दाण्याचं कूट. ही पद्धतही जुनी आहे, फक्त आतलं सामान वेगळं होतं.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यात) याच्या नावावर 'मानसोल्लास' हा ग्रंथ आहे, साधारण ११३० चा. राजाने काय काय उपभोगावं याची ती यादी आणि त्यात जेवणाचं एक अख्खं प्रकरण. त्यात वांगं पोखरून, आत मसाल्यातलं बारीक मांस भरून तेलात तळायची कृती येते. नऊशे वर्षांपूर्वीची भरली वांगी! शाकाहारी मंडळींनी दचकू नये.

त्यात शेंगदाणा नव्हता, कारण शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. मिरचीही अमेरिकेची. ती पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात आली. शेंगदाणा त्याच्याही नंतर फोफावला. मोठं पीक म्हणून त्याचा हिंदुस्थानातला जम एकोणिसाव्या शतकातला. त्याआधी दाटपणा आणि स्निग्धपणा यायचा तो तीळ, जवस, खसखस, कांदा यांनी. वर्ध्याच्या बाजूला तीळ आणि जवस शेतातलेच. जवसाची चटणी तिथे अजून रोजच्या जेवणात असते.

म्हणून हा प्रयोग करून बघा. भरल्या वांग्यात कुटाऐवजी भाजून कुटलेले तीळ आणि थोडा जवस घाला. सोबत भाजलेला कांदा, आलं-लसूण, धने, हळद, मीठ आणि तिखटाऐवजी मिरी. वांगी खालून उभी-आडवी चिरायची, देठापाशी जोडलेली ठेवायची आणि चिरल्याबरोबर मिठाच्या पाण्यात टाकायची. तशीच हवेत ठेवली तर काळी पडतात. मसाला भरून जाड बुडाच्या पातेल्यात, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवा.

सुरुवातीला वांगं सगळं तेल पिऊन टाकेल आणि तुम्हाला अजून तेल घालायचा मोह होईल. घालू नका. वांग्याचा गर स्पंजासारखा असतो, हवेच्या पोकळ्यांनी भरलेला, म्हणून तो तेल ओढतो. शिजत आलं की पोकळ्या कोसळतात आणि ओढलेलं तेल परत बाहेर येतं. जुन्या बायका 'तेल सुटेस्तोवर शिजव' म्हणतात त्याचा अर्थ एवढाच.

तिसरी पद्धत: रस्सा

विदर्भात वांग्याचं खरं राज्य पंगतीत. आलू-वांग्याची भाजी, वर लाल तर्री. (बटाटा नाही, आलू. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला आणि १९५६ पर्यंत मध्य प्रांत, मग मध्य प्रदेश यांच्यात होता. हिंदीचा शेजार जिभेवर राहणारच.) लग्न असो की तेरवी, ही भाजी असतेच. नवस फेडायला गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर रोडगे भाजले की सोबत वांग्याचीच भाजी. बुलढाणा जिल्ह्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवात लाखो लोकांना पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते, आणि वाढायला ट्रॅक्टर लागतात. हे अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाहीये, खरंच ट्रॅक्टर लागतात.

पंगतीला वांगंच का? हिवाळ्यात ते भरपूर असतं आणि स्वस्त असतं. सोलावं लागत नाही. लवकर शिजतं आणि विरघळून रस्सा दाट करतं. शंभर माणसांचं गणित ते एकटं सांभाळतं.

पण ही 'अस्सल गावाकडची' भाजी आपल्या तिन्ही पद्धतींत सगळ्यात नवी. आलू दक्षिण अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची, टमाटर अमेरिकेचा. खोबरं समुद्राकाठचं. १८६० च्या दशकात मुंबईहून नागपूरपर्यंत रेल्वे आली, वर्धा शहर १८६६ मध्ये वसलं, आणि लांबचं सामान वाण्याच्या दुकानात मिळणं सोपं झालं. तेलही बदलत गेलं. सोयाबीन तर १९८० च्या दशकानंतर विदर्भात पसरलं, आणि आता कितीतरी घरांत तर्री त्याच्याच तेलाची.

अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वांग्याची एक कृती मापांसकट आहे. दहा शेर वांगी, दीड शेर तूप, पावणेचार शेर कांदे. शिवाय आलं, लिंबाचा रस, मिरी, धने, लवंग, वेलची, हिंग. काळ सोळाव्या शतकाचा शेवट. यादी परत वाचा. मिरची नाही. आमच्या सुरुवातीच्या पुराणिकबाईंची भाजी, तूप आणि लवंग-वेलची वजा करून, बहुधा याच वळणाची असणार.

मग परंपरा कशात आहे?

माझा मुद्दा असा, की आपण परंपरा मसाल्यात शोधतो आणि ती तिथे फार नसते. मसाला ही सगळ्यात लवकर बदलणारी गोष्ट. मांस गेलं, कूट आलं. मिरी गेली, मिरची आली. जवसाचं तेल गेलं, सोयाबीनचं आलं. दर पिढीने हाताशी जे आलं ते घातलं, आणि चव आवडली की तीच 'आपली' म्हणून पुढच्या पिढीला दिली. भाजणं, भरणं, रस्सा करणं या कृती मात्र शेकडो वर्षं टिकल्या.

याची उलटी बाजू वर्धा जिल्ह्यातच घडली. गांधीजी आधी वर्ध्यात मगनवाडीला आले, १९३६ मध्ये सेवाग्रामला. आश्रमाच्या अकरा व्रतांत एक अस्वाद. भाज्या उकडून, मिरची-मसाल्याशिवाय. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने बैलघाणीचं तेल, हातसडीचा तांदूळ यांचे प्रयोग केले. हे सगळं ऐन आलू-वांग्याच्या मुलखात. आश्रमाचा विचार जगभर गेला, पण जिल्ह्यातल्या घरांनी तर्री काही सोडली नाही. जिभेवर वरून हुकूम चालत नाही, पुराणिकाचा नाही आणि महात्म्याचाही नाही.

मराठी माणसं बाहेर गेली तेव्हा काय टिकलं, तेही बघा. कानडीत वांग्याला बदनेकायी म्हणतात, पण तिथल्या प्रसिद्ध भाताचं नाव वांगीबात. तमिळमध्ये वांगं म्हणजे कत्तरिक्काय, पण तंजावरच्या पदार्थाचं नाव रसवांगी. तंजावरला १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजे गेले, १८५५ पर्यंत मराठी राज्य होतं. मसाला तिथलाच झाला, चिंच-डाळ-नारळ आलं. भाजीचं नाव मात्र मराठी राहिलं.

पुराणिकबुवांच्या निषेधामागेही काहीतरी कृती आहेच. चातुर्मासात वांगं वर्ज्य. पावसाळ्यात झाडं लहान असतात आणि कीड जोरात. कार्तिकात चातुर्मास संपतो आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात वांग्याचं भरीत असतं. तोवर थंडी पडलेली असते, वांगी भरात असतात. धर्मशास्त्राचं कॅलेंडर आणि पिकाचं कॅलेंडर असं जुळतं.

आता खरी काळजी

मिरची आली तेव्हा जनसुनावणी झाली नव्हती. वांग्याची झाली. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी हा या पिकाचा मोठा शत्रू. ती फळात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून शेतकरी पुन्हा पुन्हा फवारतो. त्यावर जालन्याच्या महिको कंपनीने बीटी वांगं तयार केलं. कपाशीत २००२ पासून आलेलं तंत्रज्ञानच, पण इथे पहिल्यांदा थेट ताटात येणार होतं. १४ ऑक्टोबर २००९ ला तांत्रिक समितीने हिरवा कंदील दिला. त्यावर वादळ उठलं. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत सुनावण्या घेतल्या. जानेवारी २०१० मध्ये नागपूरलाही झाली. ९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी स्थगिती दिली आणि ती उठलेली नाही. बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये परवानगी दिली.

दोन्ही बाजूंत तथ्य होतं. विषारी फवारणी ही काही कल्पनेतली भीती नाही. वर्धा नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं मेली. आणि दुसरीकडे, वांग्याच्या जेवढ्या जाती आपल्या देशात आहेत तेवढ्या क्वचितच कुठे असतील. त्या सांभाळायच्या की नाहीत, हाही पोटाचाच प्रश्न आहे.

पण प्रयोगशाळेची वाट न बघता जाती जातायतच. त्या आपल्या खरेदीने जातायत. सुपरमार्केटमध्ये दोनच वांगी: मोठं जांभळं आणि छोटं जांभळं. बारा महिने. भरताला गरभरलं, पातळ सालाचं लागतं. भरायला घट्ट, लहान. रश्श्याला विरघळणारं. जात गेली की तिच्याबरोबर कृतीही जाते. शिवाय शहरात नव्या फ्लॅटमध्ये इंडक्शनची शेगडी आली, तिच्यावर भरीत भाजताच येत नाही. पाकिटातल्या मसाल्याने परंपरा बुडाली असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पाकीट ही मिरचीचीच पुढची पायरी. आग, जात आणि महिना या तीन गोष्टी सुटल्या, तर मात्र उरतं ते फक्त नाव.

त्यामुळे सल्ला साधा आहे. वांगी थंडीत खा. मंडईत गेलात तर भाजीवाल्या मावशींना 'भरताचं कुठलं, भरायचं कुठलं' हे विचारा, त्या आनंदाने सांगतात. ओव्हन किंवा गॅस असेल तर महिन्यातून एकदा तरी साल काळं होईपर्यंत भाजा. आणि बाल्कनीत कुंडी रिकामी असेल तर गावाकडच्या झाडावर पिकून पिवळं पडलेलं एक वांगं मागून आणा. ते खायच्या कामाचं नसतं, पण त्यात शेकड्यांनी बिया असतात. राखेत घोळून सावलीत वाळवलेल्या त्या बिया पुरचुंडीत बांधून ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.